आठही हिरवे

"एजंट म्हटलं की तुम्हा लोकांना विमावालाच आठवणार," नविन म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसला.

दक्षा हसली नाही. नळयोजनेच्या कासा इथल्या कंट्रोल रूममध्ये ती चार वर्षं ऑपरेटर होती. आठ गावांतली आठ पंपघरं आणि तिथले आठ सर्व्हर तिनेच उंदरांपासून आणि गळक्या पत्र्यांपासून सांभाळले होते. मुंबईच्या कंपनीचा हा इंजिनियर सकाळी आला, खुर्ची रुमालाने पुसून बसला, आणि तिने पुढे केलेला पाण्याचा ग्लास बघून नाक मुरडलं. योजनेचंच पाणी होतं ते. त्याने बॅगेतून सीलबंद बाटली काढली.

दोन तासांत त्याने बसल्या जागेवरून आठही सर्व्हरवर एजंट चढवले. एजंट म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. सर्व्हर चालू आहे का, पंप फिरतोय का, पाइपात दाब किती, हे मुंबईच्या बोर्डाला दर मिनिटाला कळणार होतं. मग इथे माणूस कशाला हवा? तसं पत्रच त्याने आणलं होतं. आठही पंपघरं बोर्डावर नीट दिसतात अशी सही ऑपरेटरने दिली की ऑपरेटरचं काम संपलं. आपल्या नोकरीवर आपल्याच हाताने पाणी सोडायचं, असला तो कागद.

भिंतीवरच्या स्क्रीनवर मुंबईचा तोच बोर्ड उघडला आणि आठ चौकोन उजळले. आठही हिरवे.

"याला म्हणतात काम," नविनने हात झटकले. "कर सही."

तेवढ्यात दक्षाचा मोबाइल वाजला. रानशेतच्या पंपावरचा सुदाम होता.

"दक्षा बाय, डीपीचा फ्यूज गेला सकाळीच. पंप बंद. टाकीत थेंब नाय."

तिने लगेच वायरमनला, तुक्याला फोन लावला. तुक्याने हात वर केले. "आजपासून मुंबईचा तक्रार नंबर असल्याबिगर गाडी काढायची नाय, असा हुकूम आलाय. मी विचारला त्यांना. ते सांगतात, रानशेत हिरवा दिसतो."

तिने सुदामला कळवलं, "काका, मुंबईला दिसू दे, मग माणूस निघेल." मग ती नविनकडे वळली. "सर, रानशेत बंद आहे."

"बोर्डावर हिरवं आहे."

"पंपावरचा माणूस सांगतोय."

"ताडी ढोसून पडला असेल तो. माणसांवर विश्वास ठेवायचा असता तर हे सगळं बसवलं असतं कशाला?"

दक्षाच्या अंगाची लाही लाही झाली. सुदामकाका ताडीला शिवतही नव्हता. पण या शहाण्याला हे सांगून उपयोग काय? तिने स्क्रीनकडे नीट पाहिलं. आठही चौकोनांत दाब तीन पूर्णांक दोन. रानशेत चढावर, तिथे चार वर्षांत दाब दोनच्या वर कधी गेला नव्हता. ती बघत असतानाच आठही आकडे एकदम तीन पूर्णांक एक झाले. तिच्या सगळं ध्यानात आलं. या पठ्ठ्याने आधी गंजाड गावच्या सर्व्हरची सेटिंग केली होती आणि तीच उरलेल्या सातांना चिकटवली होती. नावं तेवढी बदलली, सर्व्हरचा पत्ता बदलायचा राहिला. बोर्ड हाका मारत होता आठ नावांनी, ओ देत होतं एकटं गंजाड.

"सर, पत्ते तपासा एकदा. सगळीकडे गंजाडचाच पडलाय."

"मला शिकवू नकोस. तुझं शिक्षण कुठलं? इथलंच ना?"

दक्षाने गंजाडच्या पंपावर फोन लावला. "चिमणदादा, सर्व्हरची पिन काढा बरं. पाच मिनिटं."

मिनिटभरात आठही चौकोन लाल झाले.

मुंबईत कंपनीचे साहेब नेमके तेव्हाच पाहुण्यांना बोर्ड दाखवत होते. नविनचा फोन वाजला. "आख्खा तालुका बंद पाडलास की काय?" हा आवाज दक्षालाही ऐकू गेला. नविनच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, इथलं नेटवर्क, सर. फार भिकार आहे, सर." खोटं बोलतानाही त्याची जीभ अडखळली नाही. फोन ठेवून तो लॅपटॉपवर वाकला. रानशेतचा खरा पत्ता कुठला, हेही त्याला ठाऊक नव्हतं. दक्षाची पत्त्यांची वही मागताना मात्र त्याला "प्लीज" म्हणता आलं.

चिमणने पिन पुन्हा लावली. वीस मिनिटांनी सात चौकोन हिरवे होते आणि रानशेत लाल.

"परफेक्ट!" नविनने पुन्हा छाती फुगवली. "आता तर हरकत नाही ना?"

"रानशेतचा तक्रार नंबर?"

"तो आपोआप पडणार. पण ते दुसऱ्या टप्प्यात, त्याचं टेंडर निघायचंय अजून. सध्या नुसतं दिसतं."

"तुम्ही मुंबईला सांगून नंबर द्यायला लावा."

"नंबर माणूस देत नाही, सिस्टीम देते." त्याने कागद पुढे सरकवला.

कागदावरचं अक्षर न् अक्षर आता खरं होतं. ते खरं करून दिलं होतं तिनेच. खोटं बोलून नोकरी धरून ठेवायची, तर याच्याच पंगतीला बसायचं. दक्षाने सही केली.

मोबाइल पुन्हा वाजला. "बाय, दिसला का मुंबईला?" सुदामने विचारलं.

"दिसलं, काका. लाल दिसतंय."

"मंग निघाली का माणसा?"

नविन बोर्डाकडे पाठ करून, केस सारखे करत, बोर्डासकट स्वतःचा फोटो काढत होता.

"नाही, काका," दक्षा म्हणाली. "बघत बसलीत."