डावीकडचा अर्धा फेरा

उजवीकडे स्टिअरिंगचे दोन पूर्ण फेरे बसत होते. डावीकडे दीडच. दीड फेरा झाला की स्टिअरिंग कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि अडून बसायचं.

मिस्त्री तीन दिवस त्या अर्ध्या फेऱ्याच्या मागे होता. हे स्टिअरिंग निव्वळ तेलाच्या दाबावर चाकं वळवायचं, म्हणून तेल बघितलं, हवा काढली, पंपाचा दाब मोजला, सिलिंडर खोलून पुन्हा बसवला. सगळं ठणठणीत. जीप मात्र डावीकडे वळायचं नाव घेईना. आणि उद्या सकाळी वहिनी हीच जीप घेऊन डोंगरावर टॉवरचे कामगार सोडायला निघणार होती. त्या रस्त्याचं शेवटचं वळण डावीकडचं, एका दमात घ्यावं लागणारं. गेल्या वर्षी दादा, म्हणजे वहिनीचा नवरा आणि मिस्त्रीचा थोरला भाऊ, ह्याच जीपसकट त्या वळणावर सरळ खाली गेला होता.

"भाऊजी, पेशंट जगणार का?" वहिनीने शेडच्या दारातून विचारलं.

"तुम्ही बसा वर. मी खाली जातो. हे एकट्याचं काम नाही."

दोघे भाऊ होते तेव्हाची ही रीत. एकाने वर बसून स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने खाली पडून बघायचं, आणि चाक पुरतं वळून त्याला अडवणाऱ्या शेवटच्या बोल्टला टेकलं की खालून 'बस' म्हणायचं. दादा गेल्यापासून मिस्त्री दोन्ही कामं एकटाच करत होता. वर बसून फिरवायचं, इंजिन बंद करायचं, उतरून खाली वाकायचं. तोवर चाक बोटभर मागे सरकलेलं असायचं.

जीपचं तोंड लोखंडी घोड्यांवर उचललेलं होतं. मिस्त्री पाठीवर सरकत डाव्या चाकाच्या मागे गेला. दुपारचं ऊन फरशीवर थेट त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. वहिनीने इंजिन चालू केलं.

"डावीकडे. सावकाश."

चाकाची मागची कड त्याच्या बाजूला आली आणि बोल्टच्या बरीच अलीकडे थांबली.

"का थांबलात?"

"तुम्ही बस म्हणालात ना."

"मी कशाला म्हणू?"

"आता मला काय ठाऊक? म्हणालात म्हणून थांबले."

दोघा भावांचे आवाज सारखेच. फोनवर तर वहिनीसुद्धा फसायची. मिस्त्रीने मान वळवून बघितलं. खाली तो होता, एक पाना होता आणि सांडलेलं तेल. थट्टा हा वहिनीचा स्वभाव होता, पण ह्या गाडीत बसून ती असली थट्टा करणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"परत एकदा."

चाक पुन्हा तिथेच थांबलं.

"आता तर दोनदा म्हणालात," ती वैतागून म्हणाली.

मिस्त्री चाकाजवळ सरकला. त्याने बॅटरीचा झोत चाकाच्या मागे टाकला. टायर आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधून तेलाचा पाइप गेला होता. टायर त्याच्यापासून दोन बोटांवर येऊन थांबला होता.

"वहिनी, कुणी काही म्हणालं तरी ऐकू नका. फिरवा."

टायरने पाइप सांगाड्यावर दाबला. पाइप चपटा झाला, तेलाची वाट बंद झाली, स्टिअरिंग कण्हलं आणि अडलं. हाच तो अर्धा फेरा. पाइपचं रबर घासून गेलं होतं, आतली तार दिसत होती. आणखी दहावीस वेळा दाबला गेला असता तर फुटला असता, आणि वळणावर वहिनीच्या हातात स्टिअरिंग नुसतंच फिरत राहिलं असतं.

पाइप नवा होता, दरीतून वर काढलेली जीप पुन्हा उभी करताना टाकलेला. बांधला मिस्त्रीनेच होता, हाताला सवय होती तसा. मागच्या वर्षीही तसाच. त्या दिवशी दादा घाईत होता, बाहेर फोनवर बोलत उभा होता. मिस्त्रीने पाइप बांधला, स्टिअरिंग एकट्यानेच जरा इकडेतिकडे फिरवून बघितलं आणि किल्ली दिली. नंतर लोक म्हणाले, डोळा लागला असेल. मिस्त्रीही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिला. त्याला ते खरंही वाटत होतं.

त्याने इंजिन बंद करायला लावलं. क्लिपा तोडल्या, घासलेला पाइप काढून टाकला आणि दुसरा कोरा पाइप सांगाड्याच्या वरून नेला. अर्ध्या तासाने वहिनीने इंजिन पुन्हा चालू केलं आणि स्टिअरिंग डावीकडे दोन पूर्ण फेरे फिरलं. चाक बोल्टला टेकलं.

"आता काही ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"नाही. सुटलं की हो." वहिनीने चाकं सरळ केली.

मिस्त्रीने पुढे सरकून, मान उचलून शेवटचं म्हणून क्लिपा चाचपल्या. पाइप जिथून जायचा, तिथे आता त्याचं डोकं होतं. काम झालं होतं. बाहेर येऊन हात पुसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण वहिनीच्या तोंडासमोर उभं राहून खरं काय ते सांगणं त्याला कधीच जमणार नव्हतं.

"वहिनी," तो तिथूनच म्हणाला, "दादाचा डोळा लागला नव्हता. पाइप मी बांधला होता. असाच."

वहिनीने इंजिन बंद केलं नाही.

"हे तुम्ही मघाशीच, पाइप बदलताना खालून सांगितलंत, भाऊजी," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी खाली बघायला कुणी नव्हतं, तेही."

चाक हलायला लागलं. टायरची कड सावकाश, न थांबता त्याच्या कानाकडे येत होती. मागे सांगाडा होता. मिस्त्रीने 'बस' म्हणायला तोंड उघडलं.

"बस," त्याच्या अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं, आणि चाक थांबलं.