मागच्या सीटवरचं वजन

विमानाचे पंख काढून झाले होते. जुन्या गाद्या अंथरून ते भिंतीला टेकवून ठेवले होते. पंखांवाचून ते पिवळं विमान काठावर ओढून ठेवलेल्या होडीसारखं दिसत होतं. रागिणीताईंनी मागच्या सीटच्या कडेवर हात ठेवला. पत्रा गार होता.

“आई, हात काळे होतील,” शंतनू म्हणाला.

त्यांना ते ऐकूच आलं नाही.

हवाई दलातून निवृत्त झालेलं हे दोन सीटचं विमान चंडीगडशेजारच्या खरड गावाजवळ एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेडमध्ये तीस वर्षं उभं होतं. आता न्यूझीलंडच्या एका शेतकऱ्यानं ते विकत घेतलं होतं. जुनी लष्करी विमानं दुरुस्त करून स्वतःच्या शेतावरून उडवायचा त्याला नाद होता. मंगळवारी कंटेनर बंदराकडे निघणार होता. रागिणीताईंचे पती, विंग कमांडर नंदकुमार घोरपडे, चंडीगडच्या पहिल्या पोस्टिंगवर हेच विमान उडवत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. खरेदीदाराचा इथला एजंट रुपेश यानं काही विचारायचं म्हणून शंतनूला बोलावलं होतं, आणि ‘मीही येते’ म्हणत रागिणीताई गाडीत येऊन बसल्या होत्या.

रुपेशनं विमानाची जुनी नोंदवही उघडली. “सर, एक एंट्री समझ में नहीं आ रही. चौदह सौ उड़ानें हैं. सिर्फ एक में पिछली सीट पर वज़न लिखा है. रेत की बोरी, सैंतालीस किलो. ग्यारह नवंबर, उन्नीस सौ उनासी. साइन आपके फादर का है.”

“तो?”

रुपेश जरा चाचरला. तिकडचे तपासनीस फार कडक, असं त्यानं सांगितलं. मागे वजन ठेवावं लागलं म्हणजे विमानाचा तोल बिघडलेला असणार, कुठला तरी अपघात लपवला असणार, असं त्यांना वाटतंय. खुलासा मिळाला नाही तर उडवायची परवानगी नाही. मग तो शेतकरी सौदा मोडणार, आणि कॉलेजनं भंगारवाल्याशी आधीच बोलून ठेवलंय.

शंतनू ताठ झाला. तो स्वतः हवाई दलात ग्रुप कॅप्टन होता. “मेरे फादर ने ज़िंदगी में एक रूल नहीं तोड़ा. बोरी लिखा है, तो बोरी ही थी.”

ते खोटं नव्हतं. नंदकुमारांनी सरकारी जीपमधून स्वतःच्या आईला कधी स्टेशनवर सोडलं नव्हतं. त्यांच्या शोकसभेत तीन जणांनी हीच गोष्ट सांगितली होती.

रागिणीताईंची बोटं सीटच्या पट्ट्यावरून फिरत होती. पट्टा कडक झाला होता, पण बक्कल तेच होतं. धुकं अजून जमिनीलगत होतं तेव्हा विमान वर निघालं होतं, आणि मग एकाएकी सगळीकडे ऊन. इंजिनाचा एवढा आवाज, तरी कसं शांत वाटलं होतं! उजव्या हाताला डोंगरांची निळी रांग, खाली तलाव, सरळ रेषेतले रस्ते. एका छोट्याशा क्वार्टरच्या गच्चीवर हिरवी साडी वाळत होती. आपलीच साडी आहे हे कळायला त्यांना वेळ लागला होता. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला होता आणि हसला होता. लग्नाला तीन महिने झाले होते. त्यांनी त्याला हसताना पाहिलं, ते तेव्हा पहिल्यांदा.

“बेटा,” त्या रुपेशला म्हणाल्या, “रेत नहीं थी. मैं थी.”



“आई, काय बोलतेयस तू?”

“खरं तेच. आदल्या दिवशी मला स्टेशनवर नेलं आणि वजनाच्या मशीनवर उभं केलं. सत्तेचाळीस भरलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी विमानातून उतरल्यावर म्हणाले, खोटं लिहावंच लागणार आहे, पण वजन तरी बरोबर लिहीन.”

रुपेश आधी हसला, मग त्यानं हळूच विचारलं, “आंटीजी, लिखकर दे देंगी?”

“आई, नको.” शंतनू मध्ये पडला. “बाबांचं नाव आहे गं. इतक्या वर्षांचं.”

“विमानात काही खोट नव्हती, शंतनू. असेल तर आमच्या दोघांत होती. ती त्या बिचाऱ्याच्या माथी कशाला मारायची? जाऊ दे त्याला. उडू दे.”

कागद आला. त्यांनी चार ओळी लिहिल्या, तारीख घातली आणि मराठीतच सही केली. रुपेशनं कागद दोन्ही हातांनी घेतला.

बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. शंतनूनं गाडीचं दार उघडलं, पण तो तसाच उभा राहिला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण चेहरा मात्र शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा झाला होता.

“पण का, आई? बाबा असं का करतील?”

रागिणीताई शेडकडे बघत राहिल्या.

“मी सांगलीला परत चालले होते. कायमची. ट्रंक भरून झाली होती, रविवारचं दुपारचं तिकीट होतं. तुझे बाबा कधी दोन शब्द बोलायचे नाहीत, आणि मला या परक्या गावात जीव नकोसा झाला होता. ‘जाऊ नकोस’ एवढंही त्यांना म्हणता येईना. सकाळी फक्त म्हणाले, चल, जाण्याआधी एक दाखवतो.”

“आणि मग?”

“मग काय? खाली उतरलो. घरी येऊन मी ट्रंक उघडली, साड्या परत कपाटात लावल्या. पुढच्या वर्षी तू झालास.”