कोपऱ्यातली खोली

"आपल्याच परसात खोली बांधायची, तर आधी बेडकांची सही आणा," ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

लव्हाळ्यात गुडघे टेकून बसलेल्या पाहणी अधिकारी बाईंनी ते ऐकलं असावं. पण मातीत गिरमिट फिरवणं त्यांनी थांबवलं नाही. वर आलेली माती तळहातावर फोडून त्यांनी दोघांपुढे धरली. राखाडी, मधे गंजासारखे ठिपके. खड्ड्यात पाणी हळूहळू चढत होतं.

"पाणथळ आहे. इथे भराव टाकायला परवानगी मिळणार नाही."

"गेल्या खेपेलाही हेच म्हणालात."

"माती तीच आहे ना, ताई."

"एवढं काही पाणी नसतं हो इथे. सासूबाईंची काठी एकदा हातभर रुतली, तेवढंच."

बाई हसल्या नाहीत. नवऱ्याने चपलेचा चिखल गवतावर पुसला. प्रत्येक अर्ज त्यानेच भरला होता, प्रत्येक पाहणीला रजाही त्यानेच काढली होती. मुलगा असावा तर असा, असं शेजारीणसुद्धा म्हणायची.

खोली त्याच्या आईसाठी होती. त्या राहतात शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरतात आणि सोबतीला कोणी नाही. सुनेनं मनावरच घेतलं होतं. पडदे शिवून तयार होते. खुर्ची किती उंच, जेवणात मीठ किती, फिरायला कधी निघायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. आईंनी निवडली ती फक्त जागा. मागचा कोपरा, सकाळचं ऊन येतं म्हणाल्या. म्हातारीचा एवढा एक हट्ट, तोही सरकारला पुरवता येऊ नये?

फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"काय झालं गं?" आईंच्या मागे बायका हसत होत्या, कोणीतरी पत्ते पिसत होतं.

"पुन्हा नाही म्हणतात, आई."

"अरेरे. असू दे. नशिबात नाही, तर काय करणार."

"असू दे कसं? मी यांच्या मोठ्या साहेबांकडे जाईन. पायरीवर बसेन. सोडणार नाही."

पलीकडे पत्त्यांचा आवाज चालूच राहिला.

बाई एव्हाना छोटे झेंडे रोवत वर सरकल्या होत्या. शेवटचा झेंडा लिंबाच्या झाडाशी लागला.

"पाणथळ इथे संपते," त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. "इथून फाटकापर्यंत कोरडी जमीन. तिथे खुशाल बांधा, आमची परवानगी लागतच नाही. पहिल्याच पाहणीत तुमच्या यजमानांना दाखवलं होतं मी."

ती नवऱ्याकडे वळली. तो खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत होता.

"अहो?"

"मी आईला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाल्या?"

त्याने चपलेचा चिखल पुन्हा गवतावर पुसला. फोन तिच्या हातात चालूच होता. पत्ते पिसण्याचा आवाज थांबला होता.

"त्याला बोलू नकोस," आई म्हणाल्या. "काठी रुतली ना, तेव्हाच मी तो कोपरा हेरून ठेवला. मला तुझ्याकडे राहायचं नाहीये गं, पोरी."