चौथी पायरी

केंद्राच्या प्रमुखाच्या दारावरची पाटी निघत होती तेव्हा ताई समोरच्या बाकावर बसली होती. पाच वर्षांत उतरलेली ही तिसरी पाटी. शिपाई तिला आता चांगला ओळखत होता.

"स्क्रू इतके ढिले झालेत ताई, की हत्यार लागत नाही. बोटानंच निघतात."

ती हसली नाही. त्यालाही तशी अपेक्षा नव्हती.

ती धाकट्या भावासाठी तपासणीतून सूट मागायला आली होती. या केंद्रात दीर्घकालीन थकव्याच्या आजारावर सरकारी संशोधन चालायचं. इथला एक नियम कुणी मोडत नसे. नवा प्रमुख आला की जुन्याच्या नोंदींवर विसंबायचं नाही, प्रत्येक रुग्णाची तपासणी पहिल्यापासून करायची. लागोपाठ दोन दिवस, जागेवरच्या सायकलवर, तोंडाला मास्क लावून, दम संपेपर्यंत पॅडल मारायचं. साठ दिवसांत जो येणार नाही त्याचं नाव कमी.

भाऊ कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. लहानपणापासून घरातल्यांच्या चुका काढायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. पहिल्या प्रमुखाच्या वेळी तो स्वतः जिना चढून आला होता. दुसऱ्याच्या वेळी ताईचा हात धरून आला, आणि त्यानंतर पुन्हा कॉलेजात गेला नाही. तिसऱ्याच्या वेळी त्याला चाकांच्या खुर्चीतून आणावं लागलं. घरी परतल्यावर चार महिने तो एक शब्द बोलला नाही. आता तो काळं कापड लावलेल्या खिडकीच्या खोलीत पडून असे. कप खाली ठेवल्याचा आवाजही त्याला सोसत नसे.

दर वेळी ताई म्हणायची, नाव काढून टाकू. दर वेळी तो नको म्हणायचा. औषध निघेल या आशेवर बिचारा फरफटत जातो, असं ती शेजाऱ्यांना सांगायची.

नव्या प्रमुख बाई ताईच्याच वयाच्या होत्या. त्यांची खोकी अजून उघडायची होती. ताईने बसमध्ये चार वाक्यं पाठ केली होती. ती बोलावी लागली नाहीत. बाईंनी एक कागद तिच्यापुढे सरकवला.

दोनशे बारा रुग्णांपैकी प्रत्येक प्रमुखाच्या वेळी आलेला तुमचा भाऊ एकटाच, त्या म्हणाल्या. कागदावर त्याच्या महिन्यामहिन्याच्या ताकदीचा आलेख होता. रेघ बराच काळ सपाट जायची आणि मग एकदम खाली उतरायची. पुन्हा सपाट, पुन्हा खाली. तीन पायऱ्या. या तीन तारखांच्या आसपास घरात काही घडलं होतं का, असं बाईंनी विचारलं.

ताईने तारखा वाचल्या. आठवावं लागलं नाही.

"घरात काही नाही घडलं," ती म्हणाली. "इथं तपासणी झाली."

बाईंनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. म्हणाल्या, मलाही तसंच वाटलं होतं, फक्त तुमच्याकडून ऐकायचं होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने सूट लिहून शिक्का मारला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सूट देणं एवढंच त्यांच्या हातात होतं. यादीत उरलेल्या, मागाहून दाखल झालेल्या सदतीस जणांना यावंच लागणार होतं. नियम केंद्राच्या समितीचा होता, आणि सकाळीच समितीने त्यांना सांगितलं होतं की एका माणसाच्या तीन घसरणींवरून काही सिद्ध होत नाही. हेही त्यांनी ताईला सांगितलं.

घरी ताई अंधारात पलंगाशी जमिनीवर बसली आणि कुजबुजत, तुटक तुटक सांगू लागली. सूट मिळाली. बाई चांगल्या आहेत. आलेखाचं सांगायचं नाही असं तिने वाटेत ठरवलं होतं, पण तेही सांगून टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळेपासून."

"माहीत होतं तर का गेलास रे?"

समिती काय म्हणाली, एवढंच त्याने विचारलं. काही नाही, असं ती म्हणाली. तिचं खोटं त्याला लगेच कळलं. कुणाची चूक सापडली की त्याच्या ओठांचा एक कोपरा वर जायचा, तसा तो किंचित गेला.

ताईने सूट दिलेला कागद घडी करून पदराआड धरला. त्याने डोळे न उघडता तो कागद मागायला हात पुढे केला.

"तीन पायऱ्या त्यांना पुरत नाहीत," तो म्हणाला. मग श्वास जमवला. "बाकीचे अजून आपल्या पायांनी चालतायत, ताई. त्यांच्या आधी मला तपासणीला ने."