हाताला आधार

हेंद्रेपाड्याच्या बागेत रोज दुपारी कुणीतरी बाकावर ताणून देतं, अशी तक्रार बागेच्या समितीकडे आली, फोटोसकट. झोपलेल्याच्या तोंडावर टॉवेल, त्यामुळे माणूस कोण ते कळेना.

"सोकावलेत हे लोक," समितीतला भूपेश म्हणाला. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. "पण उगाच वाद कशाला? प्रत्येक बाकाच्या मधोमध एक दांडा बसवतो. हाताला आधार म्हणून सांगायचं. बसणारा खूश, आणि झोपणारा आपोआप उठेल."

कुणाला शंकासुद्धा आली नाही. उलट बागेत फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांनी भूपेशला बोलावून शाल-नारळ दिला.

आठवड्याभराने भूपेश दुपारीच घरी आला, तर त्याचे बाबा बिल्डिंगच्या जिन्यात, भिंतीला डोकं टेकून पेंगत बसले होते.

"बाबा, इथे काय करताय?"

"अरे, सूनबाईची कंप्युटरवर मीटिंग असते या वेळेला. एवढंसं घर, माझं घोरणं तिच्या साहेबाला ऐकू जातं. तिला कशाला मान खाली घालायला लावायची? बागेत जायचो मी, पण तू दांडे बसवल्यापासून आडवं होता येत नाही. असू दे. म्हाताऱ्यांची चांगली सोय केलीस."

भूपेश त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.

"आणि तू काळजी करू नको," बाबा आवाज खाली आणून म्हणाले, "तुझं नाव निघू नये म्हणून तोंडावर टॉवेल टाकूनच झोपायचो."