तिरकी काच

आणे पठारावर विमान चालवायला शिकवण्याची छोटी धावपट्टी झाली, तेव्हा तिथल्या टॉवरच्या सगळ्यात वरच्या खोलीचं लाकूडकाम बेल्ह्याच्या संपत मिस्त्रीला मिळालं. त्याची लेक समृद्धी उद्यापासून त्याच खोलीत बसून विमानं उतरवणार होती. म्हणून टेबलाची कड न कड त्याने स्वतःच्या हाताने घासली होती.

खोलीला चारी बाजूंनी काच होती, बाहेरच्या अंगाला कललेली. छत काळं आणि खालचा गालिचाही काळाच.

“अशा काचेत आतल्या कशाचंच प्रतिबिंब दिसत नाही, मिस्त्री,” खोलीची आखणी करणाऱ्या उज्ज्वलाबाई सकाळी म्हणाल्या होत्या. “दिसायचं ते फक्त विमान.”

“मंग बरंच झालं. आमची पोरगी आरशाम्होरून हलतच न्हाई!” संपत हसला होता.

दुपारी तो एकटाच खुर्चीचे स्क्रू आवळत होता. सहज मान वर केली, तर समोरच्या काचेत खुर्ची दिसली. खुर्चीत समृद्धी बसली होती, पाठमोरी.

त्याच्या हातातली खुर्ची मात्र रिकामी होती.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली, “आप्पा, आले हं मी! बघू द्या की माझी खुर्ची!”

संपत दाराकडे धावला. “थांब, पोरी! वर येऊ नको, रंग वला हाय!” त्याने आतून कडी घातली.

पावलं थांबली. “बरं, खालीच थांबते,” म्हणत ती उतरू लागली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

मागे खुर्ची कुरकुरली.

“कुणाशी बोलताय, आप्पा?” समृद्धीने विचारलं.