कुणाचा विरोध?

“कुणाचा विरोध?” विद्याधररावांनी विचारलं आणि चष्मा वर सरकवून समोर बघितलं. गच्चीवर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत सगळी पिकलेली डोकी. हात एकही वर नाही.

मुलुंडची ही सोसायटी आता पाडून नव्याने बांधायची होती. जुन्या सभासदांची घरं पक्की. प्रश्न होता मागच्या जादा विंगचा. बिल्डरने दोन नकाशे पुढे ठेवले होते. एकात लहान घरं, सभासदांच्या मुलाबाळांना परवडतील अशी. दुसऱ्यात ज्येष्ठ निवास. म्हणजे कठडे, रॅम्प, रात्रंदिवस नर्स, तिची सोय पुढच्या विंगलाही, आणि मागच्या विंगमध्ये साठीच्या आतल्या कुणी राहायचं नाही.

विद्याधररावांचा मुलगा केयूर मागच्या गल्लीत भाड्याने राहत होता. तीही बिल्डिंग रिकामी करायची नोटीस लागली होती. लहान घर मिळालं तर ठीक, नाहीतर बदलापूर. मग नातीची, स्वरदाची, सोसायटीच्या भिंतीपलीकडची शाळा सुटणार. त्या शाळेत मराठीची एकेकच तुकडी उरली होती, आणि ती तरी किती वर्षं टिकेल देव जाणे.

“मी बोलतो सभेत,” सकाळी त्यांनी सुनेला, ऋताला, शब्द दिला होता. ती आता जिन्याच्या दाराशी चहाची किटली घेऊन उभी होती. ती सभासद नव्हती, तिला तोंड उघडायची सोय नव्हती.

पण बोलायचं कसं? इतकी वर्षं अध्यक्ष होते ते, आणि त्यांच्या काळातला एकेक ठराव सर्वानुमते झालेला. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. अध्यक्षाने आपलं मत सांगायचं नाही हा दंडकही त्यांनीच घातलेला. कुणीतरी हात वर करायचा, मग त्यांनी म्हणायचं, ‘सभेत दुमत आहे, पुन्हा बसू.’ आजवर भांडणं त्यांनी अशीच मिटवली होती. आज एक हात हवा होता. फक्त एक.

ज्येष्ठ निवासाच्या ठरावाच्या बाजूने कुंदाताई तेवढ्या बोलल्या होत्या. “शेजारच्या बिल्डिंगमधले ते मास्तर गेले, तेव्हा दूधवाल्याला संशय आला म्हणून दार फोडलं. पिशव्या साठल्या होत्या बाहेर. मला तसं मरायचं नाही,” एवढं बोलून त्या खाली बसल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. गेल्या वर्षी विद्याधरराव स्वतः न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा त्यांच्या नुसत्या एका फोनवर ऋता अनवाणी धावत आली होती. ती मागच्या गल्लीत होती म्हणून.

“पुन्हा विचारतो. कुणाचा विरोध?”

त्यांनी भाऊरावांकडे बघितलं. या मित्राचा मुलगाही भाड्याच्याच घरात. भाऊराव त्यांच्याकडेच बघत होते, पापणी न हलवता. काय माणसं ही, विद्याधररावांना संताप आला. स्वतःच्या पोरांसाठी एक हात उचलवत नाही?

दाराशी ऋता किटली या हातातून त्या हातात घेत होती.

“मग सर्वानुमते मंजूर,” ते म्हणाले. त्यांच्याच कानांना तो आवाज परका वाटला. टाळ्या पडल्या. टाळ्या नेहमीच पडत.

बिल्डरचा माणूस हसतमुखाने पुढे आला. दोरीत ओवलेलं एक लाल बटण त्याने अध्यक्षांच्या गळ्यात घातलं. “सर, हे सॅम्पल. दाबलं की नर्स हजर!”

भाऊराव गर्दीतून वाट काढत आले. “गप्प का बसलास रे? तुझ्या तोंडाकडे बघत होतो मी. तू बोलला असतास की माझा हात वर. माझा प्रितम तिकडे डोंबिवलीला सडतोय.”

“अरे, मग करायचा ना वर!”

“तू अध्यक्ष. तुझ्याआधी कसा करू?”

मागून कुंदाताई आल्या. त्यांना ऐकू गेलं होतं. “विद्याधरभाऊजी, मी माझी भीती सांगितली. तुमचं काय ते तुम्ही सांगाल, मग मधला मार्ग काढू, असंच धरून चालले होते मी. स्वरदा जाणार हे मला नको होतं हो.”

विद्याधरराव खुर्चीवर बसले. ठराव बदला म्हणायला जीभ उचलेना. टाळ्या पडून गेल्या होत्या, बिल्डरचा माणूस नकाशे गुंडाळत होता.

खालून खेळून आलेली स्वरदा त्यांच्या गुडघ्याला येऊन चिकटली. “आजोबा, हे काय?” म्हणत तिने बटण दाबलंसुद्धा.

कर्कश पी-पी सुरू झालं. चहा पिणाऱ्यांनी माना वळवल्या, हसले, पुन्हा बोलू लागले. ऋताने मात्र किटली टाकली. चहा सांडत राहिला आणि ती खुर्च्या ढकलत धावत आली. “बाबा! काय झालं?”

मग तिला ते लाल बटण दिसलं. ती थांबली. श्वास खाली बसेपर्यंत तशीच उभी राहिली. वाकून तिने आवाज बंद केला, बटण त्यांच्या शर्टाच्या आत सारलं आणि कॉलर नीट केली.

“आत ठेवत जा, बाबा,” ती म्हणाली. “चुकून दाबलं जातं.”

स्वरदाचा हात धरून ती जिना उतरू लागली.